कयुगा लोक आणि त्यांची भाषा: 'आपण' कोण आणि 'आम्ही' कोण?

ग्रँडकाठ (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षे मी कॅनडातील किचनर या गावी राहतो. इथे शाळेचे स्नेहसंमेलन असो, नगरपालिकेची सभा असो की विद्यापीठाचा पदवीदान समारंभ असो, सुरुवातीला एक निवेदन वाचले जाते. आपण ज्या जमिनीवर जमलो आहोत ती 'हॅल्डिमंड ट्रॅक्ट' आहे, म्हणजे ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैलांपर्यंत पसरलेली आणि १७८४ मध्ये सहा राष्ट्रांना दिलेली जमीन आहे, असा त्याचा आशय असतो. पहिली काही वर्षे हे शब्द माझ्या कानांवरून नुसते गेले. पुढे एकदा ईरी सरोवराकडे जाताना नदीकाठच्या एका गावाची 'कयुगा' ही पाटी दिसली, आणि मुलीने विचारले, "बाबा, हे नाव कोणत्या भाषेतलं?" मला उत्तर देता आले नाही. ज्या नदीचे पाणी आपण रोज पाहतो, तिच्या काठचे नाव कोणाचे आहे हे आपल्याला ठाऊक नसावे, ही गोष्ट मनाला लागली. तेव्हापासून जे वाचले, पाहिले आणि ऐकले ते इथे मांडत आहे.

कयुगा हे 'होदिनोंह्सोंनी' या महासंघातील पाच मूळ राष्ट्रांपैकी एक. इंग्रजीत या महासंघाला इरोक्वॉय म्हणतात, परंतु ते बाहेरच्यांनी दिलेले नाव आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयुगा आणि सेनेका अशी ही राष्ट्रे आजच्या न्यूयॉर्क राज्यात ओळीने वसलेली होती. अठराव्या शतकात दक्षिणेकडून आलेले टस्करोरा त्यांत सामील झाले आणि पाचांची सहा राष्ट्रे झाली. हे लोक आपल्या साऱ्या प्रदेशाकडे एकच लांबलचक घर म्हणून पाहत. पूर्वेचे दार मोहॉकांनी राखायचे, पश्चिमेचे सेनेकांनी, आणि मधली चूल ओनोंडागांनी तेवत ठेवायची. महासंघाच्या सभेत पन्नास सरदारपदे असून त्यांपैकी दहा कयुगांची आहेत. कूळ आईकडून चालते. सरदार पुरुष असला तरी त्याला निवडण्याचा आणि तो चुकला तर पदावरून उतरवण्याचा अधिकार कुळाच्या ज्येष्ठ स्त्रीकडे असतो.

कयुगांचे मूळ घर ग्रँड नदीकाठी नव्हे, तर नायगाराच्या पलीकडे, न्यूयॉर्क राज्यातील कयुगा सरोवराभोवती आहे. सुमारे साठ किलोमीटर लांबीचे हे चिंचोळे सरोवर तिथल्या 'फिंगर लेक्स'मध्ये सर्वांत लांब. त्याच्या उत्तर टोकाला पूर्वी विस्तीर्ण दलदल होती. कयुगा स्वतःला 'गयोगोहोनों' म्हणवतात आणि त्याचा अर्थ 'मोठ्या दलदलीचे लोक' असा सांगतात. भाषेचे नाव 'गयोगोहोनोंनेहा', म्हणजे 'गयोगोहोनोंच्या रीतीने'. बोलणे ही वागण्याचीच एक रीत मानल्यासारखे हे नाव मला फार आवडले.

ही भाषा आईच्या तोंडून शिकून ओघवती बोलणारे आता शंभरांहूनही कमी उरले आहेत. त्यांतील बहुतेक जण वयोवृद्ध असून किचनरपासून तासाभराच्या अंतरावर, ओहस्वेकन परिसरातील 'सिक्स नेशन्स ऑफ द ग्रँड रिव्हर' या वसाहतीत राहतात. इतिहासाचे आणि भाषाशास्त्राचे जाणकार इथे बरेच आहेत. सरोवराकाठचे लोक इथवर कसे आले, आणि ही भाषा नेमकी कशी आहे, यावर त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती.

---

भीमाशंकर

धागा फार चांगला आहे. एक शंका: दोनशे चाळीस वर्षांपूर्वी जमीन दिली म्हणता, तर ती कोणी दिली आणि कशाच्या बदल्यात? दान होते की भरपाई?

---

इथाकावासी

भीमाशंकर, भरपाई होती, आणि तीही हाती राहिली नाही. मी सध्या इथाका येथे, म्हणजे कयुगा सरोवराच्या दक्षिण टोकाशी राहते. इथल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणारी मराठी मुले-मुली बरीच आहेत आणि आम्ही सगळेच हे सरोवर रोज पाहतो, म्हणून हा इतिहास थोडा तपशिलाने लिहिते.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात महासंघात फूट पडली. ओनायडा आणि टस्करोरा यांच्यातील बरेच जण बंडखोर वसाहतींच्या बाजूने गेले, तर कयुगा बहुतांशी ब्रिटिशांच्या बाजूने राहिले. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने जनरल सलिव्हन याला मोठी फौज देऊन या मुलखात पाठवले. शत्रूच्या वस्त्या नुसत्या जिंकायच्या नव्हत्या, उभे पीकही उद्ध्वस्त करायचे होते. त्या सप्टेंबरात सरोवराच्या दोन्ही काठांवरची कयुगा गावे जाळली गेली. महिना लक्षात घ्यावा: मका, घेवडा आणि भोपळा शेतात तयार झालेला आणि पुढे बर्फाचा हिवाळा. पूर्वकाठावर आज जिथे ऑरोरा हे गाव आहे, तिथे चोनोदोते नावाची कयुगा वस्ती होती. तिच्या पीचच्या बागा इतक्या मोठ्या होत्या की इंग्रजीत तिला 'पीचटाउन' म्हणत. सैनिकांनी ती झाडेही तोडली. फळझाड लावणारा माणूस पुढच्या पिढीच्या भरवशावर लावतो, हे कोकणातल्या किंवा देशावरच्या कोणाही बागायतदाराला सांगायला नको, आणि तो भरवसाच तिथे मुळापासून कापला गेला. होदिनोंह्सोंनी भाषांत वॉशिंग्टनसाठी जे नाव रूढ झाले त्याचा अर्थ 'गावे उद्ध्वस्त करणारा' असा आहे, आणि पुढच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनाही तेच नाव लावले गेले.

निर्वासितांचे लोंढे नायगाराच्या ब्रिटिश किल्ल्याकडे गेले. ब्रिटिश हरले तेव्हा तहात त्यांनी आपल्या या मित्रांचा उल्लेखही केला नाही. पुढे क्विबेकचा गव्हर्नर हॅल्डिमंड याने १७८४ मध्ये ग्रँड नदीकाठची जमीन दिली ती या पार्श्वभूमीवर. ती सुमारे साडेनऊ लाख एकर होती. आज त्यांपैकी सहा राष्ट्रांकडे सुमारे शेहेचाळीस हजार एकर आहे, म्हणजे वीस एकरांमागे एक. किचनर, वॉटरलू, केंब्रिज, ब्रँटफर्ड ही सगळी शहरे उरलेल्या एकोणिसांत आहेत.

सगळेच कयुगा तिकडे गेले नाहीत. काही जण सेनेकांच्या आश्रयाला राहिले. काही ओहायोत सँडस्कीला गेले आणि १८३१ च्या करारानंतर तिथून मिसिसिपीच्या पलीकडे, आजच्या ओक्लाहोमात पाठवले गेले. त्यांचे वंशज आज 'सेनेका-कयुगा नेशन' या नावाने ओळखले जातात. काही जण मात्र सरोवराकाठीच राहिले. त्यांच्यासाठी १७८९ मध्ये उत्तर टोकाला चौसष्ट हजार एकर राखून ठेवले होते. १७९५ आणि १८०७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने तेही विकत घेतले. केंद्र सरकारच्या संमतीशिवाय अशी जमीन घेऊ नये असा कायदा तेव्हा अस्तित्वात होता, आणि तो डावलून हे व्यवहार झाले.

अशा दाव्यांना केंद्रीय न्यायालयाचे दार १९७४ च्या एका निकालाने उघडले आणि १९८० मध्ये कयुगांनी दावा दाखल केला. वीस वर्षांनी न्यायालयाने व्याजासह सुमारे चोवीस कोटी ऐंशी लाख डॉलर मंजूर केले. २००५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारण असे दिले की इतक्या जुन्या मागणीमुळे आजच्या मालकांची घडी विस्कटेल, आणि आता फार उशीर झाला आहे. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. ज्यांना जवळपास पावणेदोनशे वर्षे दारच बंद होते त्यांना उशिराचा दोष लावावा, हे मला आजही पटत नाही.

---

अनुस्वार

इतिहास इथाकावासी यांनी उत्तम सांगितला आहे. मी भाषेबद्दल लिहितो. भाषाशास्त्र शिकवणे हा माझा व्यवसाय आहे. कयुगा मला बोलता येत नाही, परंतु तिचे व्याकरण बराच काळ अभ्यासले आहे.

ही उत्तर इरोक्वॉयन गटातील भाषा असून सेनेका ही तिची सर्वांत जवळची बहीण. पहिली नवलाची गोष्ट ओठांची. कयुगाच्या मूळ शब्दांत प, ब, म हे ध्वनी नाहीत. ओठ न मिटता दिवसभर बोलता येईल अशी ही भाषा आहे. आपल्या लेकराचे पहिले शब्द 'बाबा' आणि 'मामा' असतात. कयुगात 'माझी आई' म्हणजे 'क्नोहा', आणि ओठ कुठेही मिटत नाहीत. या शब्दातून 'माझी' वेगळे काढता येत नाही, कारण नात्याचे शब्द तिथे घडणीने क्रियापदांसारखे असतात आणि कोण कोणाचे हे त्यांच्या पोटातच असते.

दुसरी गोष्ट स्वरांची. दोन स्वर नाकातून उच्चारले जातात आणि त्यांच्यामुळे अर्थ बदलतो. १९६२ च्या नियमांनी आपल्या लेखनातून अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे नव्या मराठी वाचकाला हे परके वाटेल, पण कोकणी बोलणाऱ्याला वाटणार नाही. शिवाय एक कंठद्वारीय अडवणूक आहे. आपण तोंड न उघडता 'उं-उं' करून नको म्हणतो, तेव्हा दोन्हींच्या मधे घसा क्षणभर बंद होतो ना, तोच व्यंजन. 'गयोगोहोनों'च्या शेवटी तो येतो.

याच नावात या भाषेची सर्वांत देखणी खोड लपली आहे. शब्दातील अक्षरे डावीकडून मोजावीत. विषम क्रमांकाच्या अक्षरातील स्वरापुढे 'ह' आला, तर तो स्वर कुजबुजल्यासारखा उच्चारला जातो, म्हणजे तोंड त्याच्या आकाराचे होते, पण आवाज फुटत नाही. ग-यो-गो-हो-नों: तिसरे अक्षर 'गो', पुढे 'ह', म्हणून तो 'गो' केवळ श्वासाचा. ओंटॅरिओत रूढ असलेल्या रोमन लेखनात अशा स्वराखाली रेघ काढतात. ही लेखनपद्धती कयुगा शिक्षक रेजिनाल्ड हेन्री आणि भाषाशास्त्रज्ञ मेरियन मिथुन यांच्या कामातून घडली. देवनागरीत ती रेघ कशी दाखवावी हे मला अजून सुचलेले नाही.

शब्दघडणीसाठी एकच धातू घेतो: 'नोंह्स', घर. 'गनोंह्सा' म्हणजे घर. त्याला लांबीचा प्रत्यय लावला की 'गनोंह्सेस', लांब घर, जिथे आजही कयुगांचे विधी होतात. धागाकर्त्यांनी वापरलेले 'होदिनोंह्सोंनी' पाहा: 'होदि' म्हणजे ते, मधे 'नोंह्स', आणि शेवटी बांधण्याचा धातू. 'ते घर बांधतात', एवढे संपूर्ण वाक्य म्हणजे महासंघाचे नाव. नाम क्रियापदाच्या पोटात शिरते आणि मराठीत चार शब्दांना होणारे काम एका शब्दात होते.

आता धाग्याच्या शीर्षकाकडे येतो. इंग्रजीला एकच 'वी' पुरतो. मराठीला पुरत नाही: 'आपण जाऊ' म्हटले तर ऐकणाराही त्यात येतो, 'आम्ही जाऊ' म्हटले तर तो बाहेर राहतो. कयुगातही अगदी हाच भेद आहे. क्रियापदाच्या आरंभी 'द्वा' आला तर 'आपण', 'आग्वा' आला तर 'आम्ही'. याखेरीज दोघांसाठी वेगळे द्विवचन आहे. इंग्रजीतून कयुगा शिकणाऱ्याला जो भेद घोकावा लागतो तो मराठी माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो.

---

शेंदरी आंबा

सर्वांचे लेखन मन लावून वाचले. एक प्रामाणिक मतभेद नोंदवते, राग नसावा. भाषा मागे पडणे हे जगभर चालते. आमच्या गावातही मुले इंग्रजी शाळेत जातात, आणि ते आईवडील आपल्या मर्जीने ठरवतात. कयुगा पालकांनीही पोटापाण्यासाठी इंग्रजी निवडली असेल. मग यात हळहळण्यासारखे नेमके काय आहे?

---

ग्रँडकाठ

शेंदरी आंबा ताई, राग कसला, हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता. मीही आधी असेच समजत होतो. ब्रँटफर्डला 'वुडलँड कल्चरल सेंटर' आहे, तिथे गेल्यावर माझे मत बदलले. त्याच आवारात 'मोहॉक इन्स्टिट्यूट' या निवासी शाळेची लाल विटांची जुनी इमारत उभी आहे. ती शाळा १८३० च्या सुमारास निवासी झाली आणि १९७० मध्ये बंद पडली. सहा राष्ट्रांची मुले घरापासून तोडून तिथे ठेवली जात. आपली भाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होत असे. रोजच्या बेचव लापशीवरून मुलांनी त्या शाळेला 'मश होल' हे नाव पाडले होते. तिथून बाहेर पडलेल्या कित्येकांनी पुढे स्वतःच्या मुलांशी आपली भाषा बोलणे टाळले, आपल्याला बसला तो मार त्यांना बसू नये म्हणून. याला निवड म्हणायला माझी जीभ वळत नाही. २००८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी या शाळांबद्दल संसदेत माफी मागितली.

एका माणसाबद्दलही सांगायचे आहे. लिवाय जनरल हे सिक्स नेशन्समधील कयुगा सरदार. 'देस्काहे' हे त्यांच्या पदाचे नाव, जे एकाकडून दुसऱ्याकडे चालत येते. कॅनडा सरकार महासंघाची सभा मोडू पाहत होते, म्हणून १९२३ मध्ये ते महासंघाने दिलेल्या पासपोर्टवर जिनिव्हाला गेले आणि राष्ट्रसंघापुढे आपली बाजू मांडण्यासाठी वर्षाहून अधिक काळ खटपट करत राहिले. नेदरलँड्स, आयर्लंड, पर्शिया, एस्टोनिया आणि पनामा यांनी थोडी साथ दिली, पण त्यांचे म्हणणे अधिकृतपणे ऐकून घेतले गेले नाही. ते तिकडे असतानाच, १९२४ मध्ये, सरकारने इथली सभा बरखास्त करून निवडणुकीचे मंडळ बसवले. १९२५ च्या मार्चमध्ये रॉचेस्टरच्या आकाशवाणीवर त्यांनी अखेरचे भाषण केले आणि त्याच जूनमध्ये ते वारले. सरदारांची सभा मात्र आजही भरते.

---

अनुस्वार

धागाकर्त्यांच्या म्हणण्याला ओक्लाहोमाची जोड देतो. १८३० च्या दशकात तिकडे गेलेल्या कयुगांची भाषा ओंटॅरिओपासून तुटली. मेरियन मिथुन यांनी १९८९ मध्ये दोन्हीकडच्या बोलणाऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. ओक्लाहोमातील मोजक्या उरलेल्या वृद्धांच्या तोंडी व्याकरण शाबूत होते. उपसर्ग चुकत नव्हते, परंतु एका शब्दात बरेच काही गुंफण्याची सवय विरत चालली होती आणि जिथे ओंटॅरिओतील माणूस एक लांब शब्द रचील तिथे ते सुटे शब्द वापरत. बोलायला समोर कोणी नसले की आधी नवा शब्द जागच्या जागी घडवण्याचे धाडस जाते, हे मला त्यातून कळले. ती बोली आता कोणीही बोलत नाही.

ओंटॅरिओत ती टिकली याचे मोठे श्रेय लांब घराला जाते. विधीची भाषणे तिथे कयुगात होतात आणि ती कागदावरून वाचत नाहीत. सभेच्या आरंभी 'गनोंहोंन्योंक' हे आभाराचे भाषण होते. माणसांपासून सुरुवात करून पृथ्वी, पाणी, झाडे, प्राणी, पक्षी, वारा, गडगडाट, सूर्य, चंद्र आणि तारे अशा चढत्या क्रमाने एकेकाचे आभार मानले जातात, आणि प्रत्येक टप्प्यावर श्रोते होकार देतात. त्यात गडगडाट करणारे आजोबा आहेत, सूर्य थोरला भाऊ आहे आणि चंद्र आजी आहे. आपल्याकडे चंद्र मामा. दोन्हीकडे तो घरचाच.

---

इथाकावासी

नात्यांवरून आठवले. वर ज्या ऑरोराचा उल्लेख केला, त्याच परिसरात १८१८ मध्ये लुईस हेन्री मॉर्गन जन्मला. होदिनोंह्सोंनी लोकांत मावशीलाही 'आई' म्हणतात, काकालाही 'वडील' म्हणतात, आणि आत्या-मामांची मुले तेवढी वेगळ्या शब्दाने ओळखली जातात, हे त्याने नोंदवले. मग जगभर प्रश्नावल्या पाठवल्या, तेव्हा तमिळ आणि तेलुगू नात्यांचा साचा याच्याशी मिळताजुळता निघाला, आणि मानववंशशास्त्रातील नातेसंबंधांचा अभ्यास तिथून उभा राहिला. मामाची मुलगी चालते पण मावशीची मुलगी बहीणच, हा महाराष्ट्रातील अनेक जातींचा नियम इरावतीबाई कर्व्यांनी ज्या चौकटीत तपासला, तिच्या मुळाशी हे सरोवर आहे. फरक असा की होदिनोंह्सोंनींमध्ये लग्न कुळावरून ठरते, मामाच्या मुलीचा तिथे हक्क नाही.

---

भीमाशंकर

सर्वांचे आभार. आता शेवटचे विचारतो: सध्या शिकवते कोण आणि शिकते कोण? आपल्यापैकी कोणाला शिकायचे असल्यास चालेल काय?

---

ग्रँडकाठ

काम जोरात चालू आहे, आणि ते करणारे त्यांचेच लोक आहेत. सिक्स नेशन्समध्ये १९८० च्या दशकापासून 'गवेनियो' ही शाळा कयुगा आणि मोहॉक माध्यमातून शिकवते. ओहस्वेकनच्या 'सिक्स नेशन्स पॉलिटेक्निक'मध्ये या भाषांची पदवी घेता येते. फ्रान्सिस फ्रोमन, अल्फ्रेड की आणि लॉटी की या कयुगाभाषकांनी भाषाशास्त्रज्ञ कॅरी डिक यांच्यासह २००२ मध्ये शब्दकोश काढला, आणि त्याच चौघांच्या नावाचे विस्तृत व्याकरण २०२४ मध्ये कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येईल असे प्रसिद्ध झाले. अभ्यासासाठी ते पुरेसे आहे. वर्गाबद्दल मात्र माझे मत असे: वृद्ध शिक्षक मोजके आहेत आणि त्यांचा एकेक तास आधी त्यांच्या नातवंडांचा आहे. आपल्या हौसेने त्यातला तास खाऊ नये. जिथे बाहेरच्यांसाठी वर्ग मुद्दाम उघडे ठेवले आहेत तिथे अवश्य जावे.

प्रौढांना पूर्णवेळ कयुगात बुडवून शिकवणारी एक संस्था तिथे आहे, तिचे नाव 'द्वादेवयेंस्ता गयोगोहोनों'. अनुस्वार यांनी सांगितलेला उपसर्ग मी त्यात लगेच ओळखला: 'द्वा', म्हणजे 'आपण'. आपण सगळे कयुगा शिकत आहोत. त्यांनी 'आग्वा' वापरला असता तरी कोणाचे काही बिघडले नसते, पण घरातल्या ज्याने ही भाषा कधी ऐकलीच नाही त्यालाही आत घ्यायचे होते.

मुलीला ती पाटी पुन्हा दाखवायला मागच्या रविवारी गेलो होतो. गाडीत तिने अक्षरे बोटांवर मोजली आणि तिसऱ्या अक्षराला आवाज न काढता फक्त ओठ गोल केले. पहिल्या चार वेळा चुकली. पाचव्या वेळी बरोबर आले असे मला वाटते, तरी खात्री त्यांच्यापैकी कोणी ऐकल्यावरच होईल. जुलैमध्ये तिथल्या पॉवॉवला, म्हणजे मूळनिवासींच्या नाचगाण्याच्या मेळाव्याला, जाणार आहोत, तेव्हा विचारून इथे कळवतो.

---

अनुस्वार

जरूर कळवा. आणि शेवटची अडवणूक विसरू नका म्हणावे. 'नों' म्हणून झाल्यावर घसा बंद.